पाण्यातील धातूंचा प्रकाशाने शोध

मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरत शहराच्या खाली अरबी समुद्रास मिळते. मुखाच्या उजव्या तीरावर हजीरा व डाव्या तीरावर डुमस ही गावे आहेत. मुख गुजरातेत असले तरी नदीच्या ६५,१४५ चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्रापैकी जवळजवळ चार पंचमांश क्षेत्र महाराष्ट्रात येते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्यांचे पाणी तापीतच जाते आणि उकाई धरणाच्या जलाशयाचा काही भागही महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. सारांश, हजीऱ्याच्या खाडीत भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होणाऱ्या पाण्यात वऱ्हाड-खानदेशचाही वाटा आहे, आणि म्हणूनच तेथील पाण्याचा विचार या पत्रिकेच्या वाचकांना परका वाटू नये.

हजीरा हे आता केवळ मच्छीमारीचे व खारवट जमिनीचे गाव राहिलेले नाही. १९८० नंतरच्या काळात तेथे नैसर्गिक वायू, खत, पोलाद, पेट्रोरसायने व बंदर असे उद्योग एकामागून एक उभे राहिले. नदीच्या वरच्या अंगास सुरत शहर असून तेथे कापड रंगविण्याचा व छापण्याचा मोठा धंदा आहे. शिवाय तांब्याच्या तारेवर चांदी-सोन्याचा मुलामा देऊन जर तयार करण्याचा जुना व्यवसायही आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या मनात, पाण्यात धातू उतरले असतील काय, हा प्रश्न साहजिकच येतो. कोणत्याही उद्योगाविषयी निर्णय देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले जाते, आणि त्यासाठी अलीकडे जे प्रकाशमान होणारे रेणू वापरले जातात ते काय सांगू शकतात व काय सांगू शकत नाहीत, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

किती आहे आणि कशा रूपात आहे

पाण्यात विरघळलेले शिसे, पारा वा कॅडमियम डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही आणि घातक प्रमाणातही त्याची चव कळेलच असे नाही. भारतीय मानक आय. एस. १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम व पारा ०.००१ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असता कामा नये. हे आकडे किती लहान आहेत याची कल्पना येण्यासाठी असे समजावे, की अवघे १ ग्रॅम शिसे पूर्णपणे विरघळले, तर १ लाख लिटर पाणी मर्यादेला पोहोचते; पाऱ्याचा १ ग्रॅम १० लाख लिटरांना पुरतो. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये जो आजार प्रथम अधिकृतपणे नोंदला गेला, त्याचे कारण असलेला पाराही समुद्राच्या पाण्यातून प्रथम माशांत व माशांतून माणसांत गेला होता.

प्रचलित पद्धतीत पाण्याचा नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतात व त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालतात. पुढे प्रयोगशाळेत ‘ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन’ अथवा त्याहून संवेदनशील अशा यंत्रावर प्रत्येक धातूचे प्रमाण मोजले जाते. ही पद्धत खात्रीची असून कायद्याच्या दृष्टीने ग्राह्यही तीच आहे. परंतु आम्ल घालण्यामागील हेतू ध्यानात घेतला पाहिजे. धातूने बाटलीच्या भिंतीला चिकटू नये आणि पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवरील धातूही सुटून यावा, यासाठी ते घालतात. म्हणजे न गाळलेल्या नमुन्यावरून मिळणारा आकडा हा गाळाला चिकटलेल्या धातूसह बहुतेक सर्व धातूचा असतो. धातू पाण्यात कोणत्या रूपात होता, हे त्यावरून समजत नाही.

व्यवहारात मात्र या रूपालाच महत्त्व आहे. पाण्यात धातू निरनिराळ्या अवस्थांत राहतो. काही भाग मोकळ्या, विद्युत्भारित अणूंच्या म्हणजे आयनांच्या रूपात असतो. काही भाग क्षारांशी जोडलेला, काही कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेल्या सेंद्रिय द्रव्यांनी धरून ठेवलेला, आणि बराचसा चिकणमातीच्या कणांवर बसलेला असतो. तांब्याविषयी बोलावयाचे तर सुंडा व गिलार्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये असे दाखविले, की पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींवर तांब्याचा होणारा विषारी परिणाम एकूण तांब्यावर अवलंबून नसून मोकळ्या तांबे-आयनांवर अवलंबून असतो. दोन बाटल्यांतील तांबे सारखेच असूनही एका पाण्यात शेवाळ वाढते व दुसऱ्यात मरते, याचा उलगडा त्यामुळे झाला.

नदीच्या मुखाशी तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्यामुळे हजीऱ्याजवळ गोडे पाणी, खारे पाणी व गाळ यांचे घुसळण रोज दोन वेळा होत असते. नदीच्या पाण्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगणारे लोह खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच गोळा होऊन खाली बसू लागते. कॅडमियमची रीत याच्या नेमकी उलट आहे. गाळाच्या कणांवर बसून आलेले कॅडमियम समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडशी जोडले जाऊन गाळ सोडते व पाण्यात उतरते. नदीने नवा कणही आणला नाही तरी केवळ भरतीमुळे विरघळलेल्या धातूचे प्रमाण बदलू शकते. खाजणातील चिखलात राहणारे निवटे, खडकाला चिकटलेली कालवे आणि तिवरांच्या मुळांशी वाढणारी कोळंबीची पिले यांचा संबंध या बदलत्या रूपांशी येतो. वार्षिक सरासरीच्या आकड्याशी येत नाही.

यास्तव केवळ एकूण धातू न मोजता, मोकळा अथवा सैल धरलेला धातू ओळखणाऱ्या साधनाची गरज भासते. प्रतिदीप्त शोधक रेणूंचे महत्त्व येथे आहे.

प्रतिदीप्ती म्हणजे काय

काही पदार्थांवर डोळ्यांना न दिसणारे जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण पडले असता ते पदार्थ दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. किरण बंद होताच हा प्रकाशही बंद होतो. या गुणधर्मास प्रतिदीप्ती अथवा फ्लुओरेसन्स म्हणतात. घरातील ट्यूबलाइट हे याचे परिचित उदाहरण होय. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून निघणारे जंबुपार किरण आतल्या बाजूच्या पांढऱ्या लेपावर पडतात व तो लेप उजळतो. धुतलेल्या धोतरांना टिनोपॉल लावल्यावर उन्हात जी निळसर शुभ्रता येते तीही याच जातीची. ते कापड खरोखर अधिक स्वच्छ झालेले नसते, एवढे मात्र गृहिणींना सांगावयास हरकत नाही. बँकेत नोटा तपासण्याच्या दिव्याखाली नोटेवरील क्रमांक चमकतात, तेही याच कारणाने.

आयर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या, म्हणजे आपल्याकडे हिवतापावर दिल्या जाणाऱ्या कोयनेलच्या, द्रावणाचा अभ्यास करून हा प्रकार स्पष्ट केला आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून त्यास फ्लुओरसन्स हे नाव दिले. हे खनिज गुजरातेत छोटा उदेपूर भागातील आंबाडुंगर येथे सापडते. स्टोक्स यांचे मुख्य निरीक्षण असे होते, की बाहेर पडणारा प्रकाश हा आत गेलेल्या प्रकाशापेक्षा नेहमी तांबड्या बाजूकडे सरकलेला असतो. रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो, त्यातील थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि उरलेली ऊर्जा तो अधिक लांब तरंगाच्या प्रकाशाच्या रूपाने परत करतो. रंगांतील या फरकामुळे गाळणी-काच लावून आत सोडलेला प्रकाश अडविता येतो व केवळ रेणूने दिलेला प्रकाश पाहता येतो. अंधाऱ्या रात्री दूरच्या टेकडीवरील एकच कंदील सहज दिसावा, तसा हा क्षीण प्रकाश काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. या पद्धतीची संवेदनशीलता त्यामुळेच फार मोठी आहे.

या गुणधर्माचा धातू शोधण्यासाठी उपयोग प्रथम एका रंगद्रव्याच्या साह्याने झाला, हे सुरतेसारख्या रंगाऱ्यांच्या शहराच्या संदर्भात सांगण्यासारखे आहे. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटीचे पाणी वापरतात. तुरटीत ॲल्युमिनियम असते. ते एका हाताने धाग्याला व दुसऱ्या हाताने रंगाच्या रेणूला धरते. स्विस रसायनज्ञ गॉपेल्सरोडर यांनी १८६७ मध्ये असे दाखविले, की मोरिन या पिवळ्या वनस्पतिजन्य रंगद्रव्याच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा अंश आला, की द्रावण हिरवट प्रकाशाने चमकू लागते. धातू शोधणाऱ्या प्रतिदीप्त रेणूंचा इतिहास येथून सुरू होतो असे मानतात.

शोधक रेणूची रचना

आजचे शोधक रेणू प्रयोगशाळेत हेतुपूर्वक घडविले जातात. अशा रेणूचे स्थूलमानाने दोन भाग असतात. एक भाग दिव्याचे काम करतो, तर दुसरा भाग चिमट्याप्रमाणे विशिष्ट धातूला पकडतो. चिमट्यात बहुधा नायट्रोजन, ऑक्सिजन वा गंधक यांचे अणू असतात. कोणत्या धातूला कोणता अणू आवडतो याचे काही ठोकताळे आहेत. पाऱ्याचा ओढा गंधकाकडे, ॲल्युमिनियमचा ऑक्सिजनकडे, तर तांबे व जस्त यांचा नायट्रोजनकडे अधिक असतो. चिमट्याचे तोंड किती रुंद ठेवावयाचे हेही धातूच्या आकारमानावरून ठरवितात.

चिमटा रिकामा असताना दिवा पेटत नाही, याचे कारण मनोरंजक आहे. दिव्याच्या भागाने प्रकाश शोषला, की त्यात इलेक्ट्रॉनची एक जागा रिकामी होते. शेजारच्या नायट्रोजनवर एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असते. तिच्यातील इलेक्ट्रॉन उडी मारून ती रिकामी जागा भरतो आणि प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडावयाची ऊर्जा वाया जाते. धातूचा आयन चिमट्यात येऊन बसला म्हणजे नायट्रोजनची ही जोडी त्याला धरण्यात गुंतते, उडी थांबते व दिवा उजळतो. मूळचे श्रीलंकेचे व बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात काम केलेले प्राध्यापक प्रसन्न डी सिल्वा यांनी १९८० नंतर या तत्त्वावर अनेक रेणू घडविले. रक्तातील सोडियम मोजणाऱ्या उपकरणांतही हेच तत्त्व व्यवहारात आले आहे.

सर्वच धातू असे सरळ वागत नाहीत. तांबे व लोह यांच्या आयनांत एकाकी इलेक्ट्रॉन असल्याने ते दिव्याशी जोडले गेले, की दिवा उजळण्याऐवजी विझतो. पाराही स्वतःच्या जड अणूमुळे अनेकदा प्रकाश मंद करतो. विझणाऱ्या दिव्यावरूनही मोजमाप करता येते. परंतु दिवा विझण्याची कारणे अनेक असतात व उजळण्याची थोडी. म्हणून जाणकार मंडळी विझणाऱ्यापेक्षा उजळणारा शोधक अधिक विश्वासार्ह समजतात.

तांब्यासाठी या अडचणीतून काढलेली एक युक्ती प्रसिद्ध आहे. ऱ्होडामिन-बी हा गुलाबी रंग कापडाच्या धंद्यात चांगला परिचित आहे. खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही. अमेरिकेतील चार्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या रंगाच्या रेणूतील एक कडे मिटवून त्याचा बिनरंगी व प्रकाश न देणारा प्रकार वापरला. पाण्यातील तांब्याच्या आयनाशी गाठ पडली, की हे मिटलेले कडे उघडते, रेणू तुटून मूळचे ऱ्होडामिन मोकळे होते, आणि द्रावण गुलाबी होऊन नारिंगी प्रकाशाने चमकते. दिवा व धातू अखेरीस वेगळे झाल्यामुळे तांब्याला तो विझविता येत नाही. मात्र हा शोधक आगकाडीसारखा आहे. एकदा पेटला, की पुन्हा उपयोगाचा नाही.

जिवंत पेशीतील धातू

पाण्यातला धातू शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नाशी महाराष्ट्राचा एक दुःखद संबंध आला होता. सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या बालकांना होणारा यकृताचा एक प्राणघातक विकार आपल्या देशात पूर्वी पुष्कळ आढळे. या बालकांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो, असे तपासणीत दिसून आले. पुण्यातील बालरोगतज्ज्ञ भावे व पंडित आणि इंग्लंडमधील टॅनर यांच्या संशोधकगटाने १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे मत मांडले, की तान्ह्या वयात पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेले व ठेवलेले जनावराचे दूध पाजणे हे या विकाराचे कारण असू शकेल. ज्या भांड्यांची कल्हई उडालेली असे, त्यांतून तांबे दुधात उतरत असे. पुढे घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि हा विकारही दुर्मीळ झाला. आनुवंशिक कारणांचाही त्यात काही वाटा असावा, असे काही तज्ज्ञ मानतात. तथापि भांडे बदलल्याने बालके वाचली याविषयी फारसा मतभेद दिसत नाही.

त्या काळी यकृतातील तांबे पाहण्यासाठी यकृताचा बारीक तुकडा काढून, त्याच्या पातळ कापावर रंग चढवून, तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवीत. असा काप मृत पेशींचा असतो. तांबे शेवटी कोठे साचले ते त्यावरून कळते. पण जिवंत पेशीत ते केव्हा शिरते, कोणाच्या हातून कोणाकडे जाते आणि केव्हा मोकळे सुटून अपाय करते, ते कळत नाही. तांबे, जस्त व लोह हे धातू शरीराला अत्यल्प प्रमाणात हवेच असतात, यामुळे हा प्रश्न आणखी नाजूक होतो. जस्त तर इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींत इन्शुलिनच्या जोडीनेच साठविलेले असते.

जिवंत पेशीत डोकावण्याचा मार्ग अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर त्सियन यांनी कॅल्शियमसाठी मोकळा केला. पेशीच्या आतील मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारावा हिस्सा असते. पेशीला इजा न करता एवढी अल्प मात्रा मोजणे त्यापूर्वी फार अवघड होते. त्सियन यांनी शोधक रेणूवर असे एक रासायनिक आवरण चढविले, की तो पेशीच्या पडद्यातून आत जाऊ शकेल. आत गेल्यावर पेशीतीलच विकरे हे आवरण कापून टाकतात, आणि उघडा पडलेला रेणू बाहेर पडू न शकल्यामुळे आतच राहून काम करतो. त्यांच्या गटाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्युरा-२ या शोधकाचा विशेष असा, की त्यावर दोन वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण आळीपाळीने टाकून दोन्ही वेळच्या प्रकाशाचे गुणोत्तर काढतात. एका पेशीत शोधक अधिक गेला व दुसरीत कमी गेला, तरी गुणोत्तरात त्याने फरक पडत नाही. रसायनशास्त्राचे २००८ चे नोबेल पारितोषिक शिमोमुरा व चाल्फी यांच्यासह त्सियन यांना मिळाले. ते मात्र जेलीफिशमधील हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाबद्दल होते.

सुरत व जळगाव येथील काम

तापीच्या खोऱ्यातही या विषयावर काम झालेले आहे. सुरत येथे १९६१ मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेली सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था डुमसकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तेथील रसायनज्ञ सुबन साहू यांनी परदेशी सहकाऱ्यांसह लोह ओळखणाऱ्या प्रतिदीप्त शोधकांचा आढावा घेणारा लेख २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ब-६ जीवनसत्त्वाच्या कुळातील पायरिडॉक्सल या द्रव्यापासून तयार केलेले शोधक, तसेच सोन्याच्या थोड्याशा अणूंचे चमकणारे पुंजके हे त्यांच्या गटाच्या अभ्यासाचे विषय आहेत. जीवनसत्त्वापासून बनविलेला रेणू पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो, हा त्यामागील व्यावहारिक लाभ होय.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील, अनिल कुवर व त्यांचे सहकारी यांनी साहू यांच्यासमवेत निरनिराळ्या धातूंसाठी घडविलेल्या शोधकांवर संयुक्त निबंध प्रसिद्ध केले आहेत. नदीच्या मधल्या टप्प्यावरील एक विद्यापीठ व मुखाजवळील एक संस्था एकाच विषयावर एकत्र काम करतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि अशा निबंधांवरून हजीऱ्याच्या पाण्याचा निवाडा लागला, असा समज कोणी करून घेऊ नये. या क्षेत्रातील पुष्कळ शोधक शुद्ध पाण्यात विरघळतच नाहीत, त्यामुळे त्यांची चाचणी कार्बनी द्रावक मिसळलेल्या पाण्यात झालेली असते. काचेच्या कुपीतील स्वच्छ द्रावण आणि गाळ, मीठ व शेवाळ यांनी भरलेले खाडीचे पाणी यांत मोठे अंतर आहे. ‘अमुक धातूचा नवा शोधक’ असे मथळे जगभरातून इतके येतात, आणि त्यांपैकी इतके थोडे नदीकाठापर्यंत पोहोचतात, की उत्साहाला थोडा आवर घालणे इष्ट ठरते.

खाडीच्या पाण्यातील अडचणी

पहिली अडचण अशी, की पाणी स्वतःच चमकते. कुजलेल्या वनस्पतींतून आलेली ह्यूमिक द्रव्ये जंबुपार किरणांखाली निळसर प्रकाश देतात. शहराच्या सांडपाण्यातील धुण्याच्या चुऱ्यात कापड शुभ्र दाखविणारी जी द्रव्ये असतात, तीही चमकतात. कापड-रंगांचे अंश असतील तर त्यांचा प्रकाश वेगळाच. म्हणून शोधक न घातलेल्या पाण्याची चमक प्रथम मोजून घ्यावी लागते.

दुसरी अडचण पकडीची आहे. शोधक हा केवळ साक्षीदार नसतो. तोही धातूला धरतो. त्याची पकड फार घट्ट असेल तर सेंद्रिय द्रव्यांनी सैल धरलेला धातूही तो ओढून घेतो व आकडा मोठा येतो. पकड सैल असेल तर मोकळा धातूही त्याच्या हातून निसटतो. त्यामुळे शोधकाचे उत्तर वाचताना त्याची पकड किती आहे हे ठाऊक असले पाहिजे. घट्ट व सैल पकडीचे दोन शोधक शेजारी शेजारी वापरले, तर गाळ व सेंद्रिय द्रव्ये धातूला किती जोराने धरून आहेत याचा अंदाज मात्र येतो, आणि तो एकूण धातूच्या आकड्यावरून कधीच येत नाही. एकूण धातूचा आकडा व शोधकाचा आकडा हे परस्परांचे पर्याय नव्हेत. एकाने दुसऱ्याला खोडून काढू नये. दोन्ही शेजारी लिहावे.

तिसरी अडचण मिठाची व आम्लतेची. पाणी किती खारे व किती आम्ल आहे, यावर अनेक दिव्यांची चमक अवलंबून असते. यावर उपाय असा, की त्याच पाण्याच्या दुसऱ्या भागात धातूची ठराविक मात्रा घालून चमक किती वाढते ते पाहावे आणि त्या वाढीशी मूळ चमक ताडून पाहावी. शुद्ध पाण्यात तयार केलेला तक्ता खाडीच्या पाण्याला लावू नये.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने सांगावयाचे तर, जलजीवन अभियानांतर्गत २०१९ पासून गावोगावी महिलांना ज्या क्षेत्रीय तपासणी संचांचे प्रशिक्षण देण्यात आले, त्या संचांत सामान्यतः आम्लता, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह व शिल्लक क्लोरीन यांच्या तपासण्या असतात. शिसे, पारा व कॅडमियम यांसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. शोधक रेणू लावलेल्या कागदी पट्ट्या पुढेमागे सर्रास उपलब्ध झाल्या, तरी त्यांचे काम संशयित नमुना निवडून काढण्याचे राहील. अधिकृत निर्णयासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच लागेल. जलसुरक्षकाने खाडीलगतच्या विहिरीचा वा कूपनलिकेचा नमुना घेताना बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख व ठिकाण यांच्याबरोबरच भरती होती की ओहोटी, आणि उधाणाची होती की भांगाची, हेही लिहावे. एवढ्या एका ओळीअभावी चांगला नमुनाही अर्धाच उपयोगी ठरतो.

शाळेत दाखविण्याजोगा एक प्रयोग शिक्षकांसाठी येथे देत आहोत. बाजारात मिळणाऱ्या टॉनिक वॉटरमध्ये थोडे कोयनेल असते. ते दोन सारख्या काचेच्या पेल्यांत घ्यावे, खोलीत अंधार करावा व नोटा तपासण्याची जंबुपार विजेरी बाजूने धरावी. विजेरीकडे विद्यार्थ्यांनी थेट पाहू नये. दोन्ही पेले निळ्या प्रकाशाने चमकतील. आता एका पेल्यात चमचाभर मीठ घालून ढवळावे. त्या पेल्यातील निळा प्रकाश लगेच मंद पडेल. मिठातील क्लोराइड कोयनेलच्या उत्तेजित रेणूची ऊर्जा काढून घेते, हे त्याचे कारण होय. पेल्यात शिसे, पारा वा तांबे यांपैकी काहीही घातलेले नसताना दिवा मंद झाला, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे आणि मग त्यांना विचारावे, की हजीऱ्याच्या खाडीत भरतीच्या वेळी एखादा विझणारा शोधक बुडविला आणि त्याचा प्रकाश कमी झाला, तर त्यावरून पाण्यात धातू आहे असे लिहून द्यावे काय, आणि तसे लिहिण्यापूर्वी आणखी कोणकोणते पेले शेजारी ठेवून पाहावे लागतील.